सार्वजनिक आरोग्याच्या कामासाठी स्टॅटिस्टिक्स शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

धारणीकर
नमस्कार मंडळी, बरेच महिने वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी मेळघाटात कुपोषणावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आहे. शिक्षण एमएसडब्ल्यू, गणित दहावीला सुटलं. आमच्या गावांमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांचं वजन, उंची आणि दंडघेर आम्ही दर महिन्याला मोजतो, जी मुलं सॅममध्ये (तीव्र कुपोषित गटात) येतात त्यांना तीन महिने जादाचा आहार देतो आणि पुन्हा मोजतो. गेल्या पावसाळ्यातल्या नोंदी ओळखीतल्या एकांकडून तपासून घेतल्या, त्यांनी सांगितलं की आधीच्या आणि नंतरच्या वजनात फरक आहे, पी-व्हॅल्यू ०.००१ पेक्षा कमी, म्हणजे कार्यक्रम यशस्वी. अहवालात ते वाक्य गेलं, निधी देणारेही समाधानी आहेत. पण ते वाक्य उद्या कुणी मला विचारलं तर समजावून सांगता येणार नाही, आणि जे मला समजलेलं नाही ते माझ्या सहीने जावं हे मला पटत नाही.

तर सुरुवात कुठून करू? मीन-मीडियनपासून, एखाद्या कोर्सपासून, की थेट सॉफ्टवेअरवर बसू? इंग्रजी वाचता येतं पण सूत्रांची रांग आली की पान उलटलं जातं. शक्यतो कामातल्या उदाहरणांवरून शिकायचंय.

गणितमास्तर
स्वागत. पाया प्रोबॅबिलिटीचा, हे माझं स्पष्ट मत. नाणेफेक, नॉर्मल कर्व्ह, सॅम्पलिंग हे हाताने केल्याशिवाय पी-व्हॅल्यू कळत नाही, नुसती पाठ होते. बालभारतीच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये शेवटाकडे संभाव्यता आणि सांख्यिकी अशी दोन प्रकरणं आहेत. त्यातली सगळी उदाहरणं वहीत सोडवा, मग पुढचं बोलू.

आकडेमोड
मास्तरांबद्दल आदर आहे पण असहमत. कामावरचा माणूस फाशांच्या उदाहरणांत अडकला की पंधरवड्यात वही बंद होते. ताई, तुमच्याकडे स्वतःचा डेटा आहे ही केवढी मोठी गोष्ट आहे! जामोवी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एक्सेलसारखं दिसतं, त्यात फाईल उघडा आणि आधी फक्त चित्रं काढा. वजनाचा हिस्टोग्राम (कुठल्या वजनाची किती मुलं ते दाखवणारे खांब), दंडघेराचा हिस्टोग्राम, वय आणि वजन यांचा ठिपक्यांचा आलेख. टेस्टचं बटण महिनाभर दाबूच नका. नंतर जमलं तर आर शिका, तेही फुकट आहे.

बटाटेभात
वाचनखूण साठवली. माझी बहीण एमपीएच करतेय, तिला लिंक पाठवतो.

जुना_पीएसएमवाला
मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवून निवृत्त झालोय, त्यामुळे थोडं मोठं लिहितो, सांभाळून घ्या.

मास्तर आणि आकडेमोड दोघांचं बरोबर असलं तरी आमच्या विषयात सुरुवात याच्याही आधी होते, छेदापासून. "या महिन्यात २० सॅम मुलं सापडली" या वाक्यातून काहीच कळत नाही. किती मुलं मोजली त्यातून २०? गावात त्या वयाची एकूण किती होती? जी मोजायला आली नाहीत ती कुठे होती, शेतावर, मामाकडे, की आजारी म्हणून घरात? मेळघाटात दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं कामाला बाहेर जातात आणि होळीला परततात, म्हणजे तुमचा छेद ऋतूप्रमाणे बदलतो. अंशात चूक झाली तर कुणीतरी पकडतं, छेदातली चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे पहिला महिना मी विद्यार्थ्यांना फक्त अंश-छेद करायला लावायचो. प्रिव्हलन्स म्हणजे आत्ता किती आहेत, इन्सिडन्स म्हणजे ठरावीक काळात नवीन किती झाले. बरी न होता रेंगाळणारी मुलं वाढली तरी प्रिव्हलन्स वाढतो, नवीन मुलं पूर्वीइतकीच सॅममध्ये येत असताना.

दुसरी पायरी दोन बाय दोनचा तक्ता. याचं माझं आवडतं उदाहरण मुंबईचं आहे. १८९७ च्या जानेवारीत प्लेगच्या साथीत हाफकिन या शास्त्रज्ञांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना दिली. लस घेतलेले १४७, त्यातले प्लेग झालेले २, मृत्यू एकही नाही. न घेतलेले १७२, प्लेग झालेले १२, त्यातले ६ दगावले. आता कागदावर चार चौकोन काढा आणि भागाकार करा. पहिल्या गटात धोका १.४ टक्के, दुसऱ्यात ७ टक्के. एकाला दुसऱ्याने भागलं की साधारण ०.२, म्हणजे लस घेतलेल्यांना धोका पाचपट कमी. वजाबाकी केली तर शंभरामागे ५.६ कमी, म्हणजे साधारण १८ जणांना टोचलं की एक प्लेगचा रुग्ण टळतो. एकाच तक्त्यातून रिलेटिव्ह रिस्क, रिस्क डिफरन्स आणि किती जणांवर उपचार केले की एकाला फायदा, तिन्ही हातात आलं, आणि यात शाळेतल्या भागाकारापलीकडे काही नाही.

मग विद्यार्थ्यांना विचारायचो, हे कैदी निवडले कसे? तर ते स्वखुशीने पुढे आलेले होते, चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. पुढे येणारे आधीच जास्त धडधाकट असतील तर? हा प्रश्न ज्याला आपणहून पडतो त्याचं निम्मं स्टॅटिस्टिक्स झालं असं मी मानतो.

निशिगंध
काय सुंदर उदाहरण सर! भायखळ्याला राहून हे कधी ऐकलं नव्हतं.

वैनगंगा
सरांचा शेवटचा प्रश्न घेऊनच धारणीकरांच्या मूळ पोस्टकडे येते. ताई, तुमच्या कामाबद्दल मला अतिशय आदर आहे, म्हणूनच सरळ लिहिते, त्या पी-व्हॅल्यूने कार्यक्रम यशस्वी झाला हे सिद्ध होत नाही. तीन कारणं आहेत.

पहिलं अगदी साधं. लहान मूल तीन महिन्यांत वाढतंच, आहार दिला नाही तरी काही ग्रॅम वजन वाढणारच. त्यामुळे "वजनात फरक आहे" हे कुठल्याही गावात कुठल्याही मुलांवर खरं निघेल. वयाच्या मानाने, उंचीच्या मानाने किती वाढलं ते बघायला हवं, म्हणजे झेड-स्कोअर.

दुसरं जरा कमी लक्षात येतं. तुम्ही मुलं निवडली तीच त्या दिवशी सगळ्यात खाली असलेली. त्यातली काही खरोखर तीव्र कुपोषित, आणि काही अशी की त्या आठवड्यात जुलाब झाले होते, ताप होता किंवा टेप जरा आवळली गेली. दुसऱ्या मोजणीला ही मुलं आपोआप थोडी वर येतात. कुठलाही टोकाचा गट निवडा, पुढच्या मोजणीला तो मधल्या पातळीकडे सरकलेला दिसतो. याला रिग्रेशन टू द मीन म्हणतात आणि आपल्या क्षेत्रातले कितीतरी "यशस्वी" कार्यक्रम यावर उभे आहेत.

तिसरं म्हणजे ऋतू. मेळघाटात जुलै ते सप्टेंबर सगळ्यात वाईट, नंतर पीक घरात येतं. पावसाळ्यात निवडलेली मुलं दिवाळीच्या सुमारास मोजली तर ती सुधारणारच.

यावर उत्तर एकच, तुलनेची गावं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च या संस्थेने घरोघरी नवजात बाळांच्या काळजीचा प्रयोग केला तेव्हा ३९ गावांत काम केलं आणि ४७ गावांत फक्त मोजणी चोख ठेवली. कामाच्या गावांत नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला, आणि तुलनेच्या गावांत तो ६० च्या जवळपासच राहिला. १९९९ साली लॅन्सेटमध्ये ते छापून आलं. दुसऱ्या गावांचा आकडा नसता तर रस्ते सुधारले, दवाखाने सुधारले, त्यामुळे झालं असेल असं कुणीही म्हटलं असतं.

धारणीकर
वैनगंगा, मनापासून आभार, इतकं स्पष्ट आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पण एक गोष्ट मला कळत नाही. तुलनेसाठी म्हणून मी समोरच्या सॅम मुलाला आहार न देता नुसतं मोजत बसायचं? हे माझ्याच्याने होणार नाही, आणि कुणी करूही नये.

सुपरवायझरताई
धारणीकर ताई अगदी बरोबर बोललात. अंगणवाडीत बसून रोज ती पोरं बघणाऱ्याला हे जमणार नाही.

लीड्सकर
इथे इंग्लंडमध्ये एपिडेमिऑलॉजीत काम करतो, मूळचा सांगलीचा. धारणीकरांचा प्रश्न हा संशोधनातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्यावर चांगली उत्तरं शोधली गेलीत.

एक मार्ग असा की सगळ्यांनाच द्यायचं, पण टप्प्याटप्प्याने. तशीही तुमची माणसं आणि पैसा एकदम सगळ्या गावांत पोचत नाही. मग कुठलं गाव आधी हे सरपंचाच्या ओळखीवर न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि मोजणी मात्र सगळीकडे पहिल्या दिवसापासून सुरू करा. जी गावं वाट बघतायत ती तोवर तुलनेची गावं. गांबियात १९८६ पासून हिपॅटायटिस बी ची लस अशीच टप्प्यांनी आणली गेली, या पद्धतीला स्टेप्ड वेज म्हणतात. वाट बघणाऱ्या गावांत सरकारी उपचार, एनआरसी (पोषण पुनर्वसन केंद्र), व्हीसीडीसी (ग्राम बाल विकास केंद्र) सगळं चालूच राहतं, ते कुणी थांबवत नाही.

दुसरं उदाहरण भारतातलंच, झारखंडमधली रेशन्स ट्रायल, २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. २,८०० टीबी रुग्ण आणि त्यांच्या घरातले १०,३४५ लोक. दोन्ही गटांतल्या रुग्णांना शिधा दिला, कुणालाच उपाशी ठेवलं नाही. फरक एवढाच की एका गटात घरातल्या बाकीच्या माणसांनाही शिधा मिळाला. त्या घरांमध्ये नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी निघाला. प्रश्न नीट बांधला की माणुसकी आणि तुलना दोन्ही सांभाळता येतात.

आणि हो, पी-व्हॅल्यूचा अर्थ अजून कुणी सांगितलाच नाही. "आहाराचा काहीच परिणाम नसता, तर नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती" एवढंच ते सांगतं. फरक मोठा की छोटा, उपयोगाचा की नाही, आहारामुळेच की ऋतूमुळे, यातलं काहीही ते सांगत नाही. डेटा मोठा असला की क्षुल्लक फरकाचीही पी-व्हॅल्यू बारीक येते. त्यापेक्षा कॉन्फिडन्स इंटरव्हल शिका, म्हणजे खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ती मर्यादा. ५० मुलांपैकी २० बरी झाली तर ४० टक्के, पण इंटरव्हल साधारण २६ ते ५४. ५०० पैकी २०० असतील तरी ४० टक्केच, पण आता ३६ ते ४४. आपण किती खात्रीने बोलतोय हे लगेच कळतं.

गणितमास्तर
लीड्सकर, व्याख्या अचूक दिलीत, आनंद वाटला. फक्त ते २६ ते ५४ कुठून आलं हे कळायला स्टँडर्ड एरर (नमुन्यागणिक आकडा किती हलतो ते माप) लागते आणि ती कळायला सॅम्पलिंग लागतं, म्हणजे फिरून प्रोबॅबिलिटीच.

आकडेमोड
मास्तर, निम्मं मान्य. पण ते चित्रातून शिकवता येतं. एका पिशवीत १०० चिठ्ठ्या, ४० वर "बरा". त्यातून २० काढा, मोजा, परत टाका, पुन्हा काढा. दर वेळी येणारा आकडा भिंतीवर लिहीत जा. ताईंच्या ऑफिसमधले सगळे मिळून एका दुपारी करतील आणि सॅम्पलिंग व्हेरिएशन आयुष्यभर लक्षात राहील.

गणितमास्तर
ही कल्पना उत्तम आहे. चिठ्ठी परत टाकून मगच पुढची काढायची की वीसच्या वीस एकदम, यावर उत्तर किंचित बदलतं, तेही करून बघायला लावा.

सुपरवायझरताई
मी अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे, जिल्हा सांगत नाही. तुम्ही सगळे मोठे लोक गणिताचं बोलताय पण आकडा तयार कसा होतो ते मी सांगते कारण तो आमच्या हातात तयार होतो.

वजनकाटा सकाळी शून्यावर आणला का, कुणी बघत नाही. मूल स्वेटर घालून काट्यावर ठेवतात. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून मोजायची असते आणि मोठ्या मुलाची उंची उभी करून, पण बाळ रडतं, पाय ताणून धरायला दुसरी बाई नसते, मग अंदाजे. जन्मतारीख आईला आठवत नाही मग आम्ही सणावरून काढतो, पोळ्याच्या आधी की नंतर, होळीला रांगत होतं का. आणि सगळ्यात मोठं म्हणजे दंडघेर. ११.५ च्या खाली गेलं की सॅम, मग कागद वाढतात, वरून विचारणा होते तुमच्याकडेच का वाढलं. म्हणून ११.४ दिसत असलं तरी हात ११.६ लिहितो. सगळ्या सेविका असं करत नाहीत, बऱ्याच जणी जीव तोडून खरं लिहितात आणि त्यांनाच बोलणी बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. ज्या ताईच्या रजिस्टरमध्ये सॅम जास्त ती कामचुकार नसते, ती नीट मोजणारी असते.

जुना_पीएसएमवाला
सुपरवायझरताई, तुमचा प्रतिसाद प्रत्येक एमडीच्या विद्यार्थ्याला वाचायला द्यावा असा आहे. झोपवून मोजलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटीमीटरने जास्त येते म्हणून डब्ल्यूएचओच्या तक्त्यात त्याची वजाबाकी-बेरीज दिलेली असते, पण कसं मोजलं हेच लिहिलं नसेल तर दुरुस्ती कुठली करणार?

धारणीकर, तुम्ही आकडेमोड म्हणतात तसा दंडघेराचा हिस्टोग्राम काढाल तेव्हा ११.५ च्या डावीकडे खड्डा आणि उजवीकडे उंचवटा दिसतोय का ते बघा. दिसला तर नोंदी सरकवल्या गेल्यात. शेवटचा अंक किती वेळा ० आणि ५ आलाय तेही मोजा. कुठलीही टेस्ट लावण्याआधीची ही तपासणी आहे आणि ती तुम्हाला उद्या सकाळी करता येईल.

निशिगंध
मध्येच एक बाळबोध प्रश्न विचारते. झेड-स्कोअर म्हणजे नेमकं काय? आमच्या बालरोगतज्ज्ञांनी तक्ता दाखवला होता, मूल पिवळ्या पट्ट्यात आहे म्हणाले, त्यापुढे समजलं नाही.

जुना_पीएसएमवाला
बाळबोध अजिबात नाही. डब्ल्यूएचओने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांत, चांगलं पोषण मिळणाऱ्या, आईचं दूध पिणाऱ्या सुमारे साडेआठ हजार मुलांची वाढ मोजली, भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. त्यावरून २००६ मध्ये प्रमाण ठरवलं. तुमच्या बाळाच्या वयाच्या मुलांची मधली उंची घ्या, तुमचं बाळ त्यापासून किती दूर आहे ते काढा, आणि त्या वयात उंची साधारण किती पसरलेली असते, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, त्याने भागा. उणे २ च्या खाली गेलं तर खुजेपणा, वजन-उंचीच्या बाबतीत उणे ३ च्या खाली गेलं तर सॅम.

आता यातली मोलाची गोष्ट. अगदी धडधाकट समाजातही काही मुलं उणे २ च्या खाली असणारच, नॉर्मल कर्व्हनुसार २.३ टक्के. म्हणून एकट्या मुलाकडे बघून घाबरून जायचं नसतं, आईवडीलच बुटके असू शकतात. पण एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी निघाली. २.३ च्या जागी ३५. एवढा फरक आनुवंशिकतेने पडत नाही, अख्खा कर्व्हच डावीकडे सरकलाय.

गणितमास्तर
सरांनी सरासरी आणि पसरण यांचा विषय काढलाच आहे तर सुखात्म्यांचं नाव घ्यायलाच हवं. पां. वा. सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव, लंडनला स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी आणि पुढे एफएओ या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी दारिद्र्यावरच्या अभ्यासात माणशी रोज २,२५० कॅलरींची रेषा धरली. सुखात्म्यांचा आक्षेप असा की गरजेची सरासरी हीच सीमारेषा धरली तर निरोगी समाजातही जवळजवळ निम्मे लोक उपाशी ठरतील, कारण माणसामाणसाची गरज वेगळी असते आणि एकाच माणसाची रोजची सुद्धा बदलते. सीमारेषा सरासरीच्या दोन स्टँडर्ड डेव्हिएशन खाली असावी. दोन मराठी विद्वानांचा पुण्यात बसून चाललेला हा वाद म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन का शिकायचं याचं उत्तर आहे.

वैनगंगा
मास्तर, सीमारेषेचा मुद्दा गणिताने बरोबर आहे, पण त्याच्या पुढचं म्हणणं, की शरीर कमी अन्नाशी आपोआप जुळवून घेतं, त्याला खूप विरोध झाला आणि माझ्या मते तो रास्त होता. कमी खाऊन जगणाऱ्या बाईचं वजन टिकलं तरी ती काम किती करू शकते, तिचं बाळ किती वजनाचं होतं हेही मोजायला नको का? रेषा खाली ओढली की कागदावरची भूक कमी होते. आकड्यामागचा निर्णय आपला असतो आणि तो उघड लिहायला हवा.

गणितमास्तर
मान्य. निर्णय उघड लिहायला हवा यावर दुमत नाही.

बटाटेभात
बहिणीचा प्रश्न आलाय. महाराष्ट्राचा अर्भक मृत्यूदर (हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं) एनएफएचएस-५ मध्ये २३.२ आणि एसआरएस या सरकारी नमुना नोंदणीच्या २०२० च्या अहवालात १६. तिच्या सरांनी विचारलंय खरा कुठला.

लीड्सकर
दोन्ही आपापल्या प्रश्नाची उत्तरं आहेत. एनएफएचएस एकदा घरी जाऊन आईला विचारतं आणि सर्वेक्षणाच्या आधीच्या पाच वर्षांचा दर काढतं, महाराष्ट्रात हे काम २०१९ च्या उत्तरार्धात झालं, म्हणजे दर साधारण २०१५ ते २०१९ चा. एसआरएस ठरलेल्या भागांत जन्म-मृत्यूची सतत नोंद ठेवतं, दर सहा महिन्यांनी वेगळं सर्वेक्षण करून ती पडताळतं आणि त्या एका वर्षाचा दर देतं. दर उतरता असेल तर जुन्या पाच वर्षांची सरासरी वरच दिसणार. शिवाय दोन्ही नमुन्यांवर आधारलेले, दोन्हींना आपापली इंटरव्हल. "खरा कुठला" ऐवजी "काळ कुठला, छेद कुठला, इंटरव्हल किती" असं उत्तर लिहायला सांगा.

कोकणकडा
धागा मस्त चाललाय. पीजी करतोय, थिसिसचा प्रोटोकॉल पुढच्या आठवड्यात. गाईड म्हणतात फोर पीक्यू बाय एल स्क्वेअर लावून सॅम्पल साईज टाक. आमच्या बॅचमध्ये सगळ्यांचं तेच सूत्र. एल किती धरायचा?

जुना_पीएसएमवाला
हाहा, या सूत्राशिवाय महाराष्ट्रात पीएसएमचा थिसिस होत नाही! पी म्हणजे अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे १०० उणे पी, एल म्हणजे किती चूक चालेल. पी ३५ आणि एल ५ धरला तर ३६४ मुलं लागतात. तेच एल हा पी च्या २० टक्के, म्हणजे ७ धरला तर १८६ मध्ये भागतं. विद्यार्थी वेळेअभावी दुसरं धरतात. धरा, पण मग निष्कर्ष लिहिताना "२८ ते ४२ च्या दरम्यान कुठेतरी" असं म्हणायची तयारी ठेवा. आणि हे सूत्र फक्त प्रमाण काढायला आहे, दोन गटांची तुलना करायची असेल तर चालत नाही, त्याचं सूत्र वेगळं. हे वाक्य मी वर्गात घसा बसेपर्यंत सांगितलंय.

वैनगंगा
आणि मुलं गावागावांतून घेणार असाल तर ते सूत्र अपुरं पडतं हेही सांगा सर. शितावरून भाताची परीक्षा होते कारण भांडं एकच असतं. एका पाड्यातली मुलं एकाच विहिरीचं पाणी पितात, एकाच अंगणवाडीत जातात, त्यामुळे एकमेकांसारखी असतात. एकाच पाड्यातली ३० मुलं मोजून ३० वेगवेगळ्या घरांची माहिती मिळत नाही. म्हणून मुलांची संख्या डिझाईन इफेक्टने, म्हणजे या सारखेपणासाठीच्या गुणकाने, गुणतात. लसीकरणाच्या सर्वेक्षणात ३० क्लस्टर (गावं किंवा वस्त्या) आणि प्रत्येकी ७ मुलं घेतात ते यातूनच आलंय. दहा टक्के चूक चालणार असेल तर साधं सूत्र ९६ सांगतं, डिझाईन इफेक्ट २ धरून १९२, आणि ३० क्लस्टरमध्ये वाटून २१०.

कोकणकडा
आज पहिल्यांदा ३० गुणिले ७ कुठून आलं ते कळलं. तीन वर्षं नुसतं लिहीत होतो. धन्यवाद वैनगंगा.

निशिगंध
तपासण्यांबद्दलही कुणीतरी लिहा ना. आमच्या सोसायटीत आरोग्य शिबिर झालं, त्यात रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून सासूबाई घाबरल्या, पुढे काहीच निघालं नाही.

लीड्सकर
समजा तपासणी चांगली आहे, आजारी १०० पैकी ९० पकडते आणि निरोगी १०० पैकी ९५ जणांना बरोबर सोडते. शिबिरात १,००० लोक आले आणि आजार फक्त १० जणांना आहे. १० पैकी ९ सापडले. निरोगी ९९० पैकी ५ टक्के, म्हणजे साधारण ५० जण उगाच पॉझिटिव्ह. ५९ पॉझिटिव्हमध्ये खरे ९, जेमतेम १५ टक्के. तीच तपासणी दवाखान्यात लक्षणं असलेल्या लोकांवर केली, जिथे हजारात २०० जण खरोखर आजारी आहेत, तर २२० पॉझिटिव्हमध्ये १८० खरे, ८२ टक्के. तपासणी तीच, माणसं बदलली. सासूबाईंना नमस्कार सांगा, दुसऱ्या तपासणीशिवाय कुणीही घाबरू नये.

आकडेमोड
धारणीकर ताईंचा मूळ प्रश्न मागे पडला. कोर्स विचारला होता ना? चेन्नईची आयसीएमआरची राष्ट्रीय एपिडेमिऑलॉजी संस्था ऑनलाईन कोर्स घेते, आरोग्य संशोधनाच्या प्राथमिक गोष्टींवरचा त्यांचा कोर्स एनपीटीईएल या ऑनलाईन शिक्षणाच्या साईटवर फुकट बघता येतो, इंग्रजी आहे पण साधं. मुलांच्या मोजमापांसाठी डब्ल्यूएचओ अँथ्रो वापरा, वय, लिंग, वजन, उंची टाकली की झेड-स्कोअर मिळतो, तोही फुकट. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं एपी इन्फो हे सॉफ्टवेअर दोन बाय दोनच्या तक्त्यांसाठी छान आहे. कुणी लाखाचं सॉफ्टवेअर घ्यायला सांगितलं तर घेऊ नका, तेवढ्या पैशात मुलांना खाऊ घाला.

धारणीकर
सगळ्यांचे खूप आभार. मधले काही दिवस नेटवर्क नव्हतं, आज धारणीत येऊन सगळं सलग वाचलं.

आकडेमोड यांनी सांगितलं तसा हिस्टोग्राम काढला. ११.५ च्या उजवीकडे उंचवटा दिसतोय, पण सगळ्या गावांत नाही, काही गावांतच. सुपरवायझरताई, तुमचं वाचल्यामुळे मी त्या गावांतल्या सेविकांना जाब विचारायला गेले नाही. आधी त्यांच्यासोबत बसून एकाच मुलाचा दंडघेर दोघींनी वेगवेगळा मोजायचा असं ठरवलंय. झेड-स्कोअर काढायला सुरुवात केलीय. ज्या मुलांची तीन महिन्यांनंतरची मोजणी नाही त्यांची वेगळी यादी केली, त्यातली बरीच स्थलांतरित घरांतली आहेत, म्हणजे अहवालातला फरक फक्त गावात राहिलेल्या मुलांचा आहे. पुढच्या अहवालात हे स्पष्ट लिहिणार. निधी देणाऱ्यांना नवीन गावं टप्प्याने घ्यायची आणि क्रम चिठ्ठ्यांनी ठरवायचा असं सुचवलंय, त्यांनी नाही म्हटलेलं नाही.

आता शंका. स्थलांतर केलेली मुलं होळीला परत येतील तेव्हा त्यांना मोजून घेतलं तर चालेल का? तीन महिन्यांचे सहा-सात होतील.

वैनगंगा
जरूर मोजा, पण तीन महिन्यांच्या मोजणीत मिसळू नका, वेगळा कॉलम ठेवा. निवडीच्या दिवशी ही मुलं बाकीच्यांपेक्षा वेगळी होती का तेही बघा, तो आकडा तर तुमच्याकडे आहेच. जास्त कृश मुलंच बाहेर गेली असतील तर तुमचा निकाल खऱ्यापेक्षा चांगला दिसतोय, उलट असेल तर वाईट.

सुपरवायझरताई
होळीला आले की चार-पाच दिवसच घरी सापडतात, नंतर परत निघतात. फगव्याच्या दिवशी जाऊ नका, कुणी भेटणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत जा. उंची मोजायला दोघी हव्यात, आधीच सांगून ठेवा.

आकडेमोड
फाईल मला पाठवायची असेल तर आधी मुलांची आणि आईवडिलांची नावं काढून टाका, गावाला कोड द्या. आणि जन्मतारखेचे दिवस, महिना, वर्ष असे तीन कॉलम करा, नाहीतर एक्सेल दिवस आणि महिना उलटे करतं आणि झेड-स्कोअर सगळे चुकतात.